आमच्या घरातला प्रतिनिधी

२ जानेवारी

या वर्षी नक्की. पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाला आयोवा राज्याचा प्रतिनिधी म्हणून जायचं. एल्क फोर्क गावात पक्षाचं काम गेली अठरा वर्षं मी बघतोय. अंगणाअंगणात पाट्या मी ठोकतो, सभेच्या खुर्च्या मी मांडतो. आणि अधिवेशनाला जातं कोण, तर राजधानीतले, डे मॉइनचे वकील. टीव्हीवर ते रंगीत टोप्या घालून नाचताना दिसले की मी चॅनल बदलतो. नाचता मलाही येतं.

उमेदवार ठरवला: दूरच्या एका राज्याचे गव्हर्नर कॅलाहन. आयोवात त्यांना कुत्रं ओळखत नाही. म्हणजे त्यांच्या गटात गर्दी नाही, म्हणजे गटातून मीच निवडून येणार. हा डाव दुसऱ्या कोणाच्या डोक्यात येणं शक्य नाही. लॉर्नाला सांगितला. तिनं विचारलं, म्हणजे माणूस चांगला आहे म्हणून नाही? बायकोला राजकारण कळत नाही. ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आणि घरी पियानो शिकवते.

५ जानेवारी

१९ तारखेच्या कॉकसला लॉर्नाला न्यायचं. एक डोकं वाढेल. तिला सगळं नीट समजावून सांगितलं. शाळेच्या हॉलमध्ये जमायचं, ज्याला जो उमेदवार पसंत त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. मग डोकी मोजतात. ज्या कोपऱ्यात शंभरात पंधराही नाहीत तो मोडतो, तिथल्या लोकांना दुसरा कोपरा धरावा लागतो. जो टिकतो त्याला आपले प्रतिनिधी वरच्या सभेला पाठवता येतात. गावातून काउंटी, काउंटीतून विभाग, विभागातून थेट राष्ट्रीय अधिवेशन. तिथे सगळ्या राज्यांचे प्रतिनिधी मिळून पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवतात. शिडीच आहे.

तिनं विचारलं, घरून चिठ्ठी पाठवली तर चालत नाही का. नाही. मग बसायला खुर्ची असते का, कारण तिचा गुडघा. म्हटलं, असते. (नसते.)

१४ जानेवारी

भाषण तयार. विषय: कॅलाहन यांचं रेल्वे धोरण. गाडीत मोठ्यानं म्हणून पाहिलं. स्वतःच्याच अंगावर काटा आला.

२० जानेवारी, सकाळ

काल कॉकस झालं. एकंदरीत मोठं यश.

तपशील: हवा उणे वीस. तरी हॉल भरला. शर्यतीत पुढे असलेल्या सिनेटरच्या कोपऱ्यात तर उभं राहायला जागा नव्हती. आमच्या कोपऱ्यात नऊ जण, पाहिजेत अकरा. अशा वेळी अनुभवी माणूसच लागतो. मी बाकावर चढून रेल्वे धोरणावर बोललो. भाषण चालू असताना आमच्यातले दोघं निघून सिनेटरकडे गेले. विषय खोल आहे, सगळ्यांना पेलत नाही.

राहिलो सात. तेवढ्यात लॉर्ना आपल्या लिंबाच्या वड्यांचं ताट घेऊन 'अजून ठरलं नाही' वाल्यांच्या कोपऱ्यात गेली. खुर्ची मिळते का बघायला गेली असणार. तिथे बायका होत्या. गुडघ्यांविषयी बोलणं झालं. मग कॅलाहन यांच्या आईविषयी, जी म्हणे लॉर्नासारखीच ऑर्गन वाजवायची. ही माहिती माझ्याकडेही होती, पण मी ती महत्त्वाची मानली नव्हती. लॉर्ना परत आली तेव्हा तिच्यामागून पाच बायका आणि एकीचा नवरा आला. कोपरा वाचला. काउंटीच्या सभेला आमचा एक प्रतिनिधी पक्का.

मी घसा साफ केला. मागून कोणीतरी म्हणालं, लॉर्ना जाऊ दे की. सगळे हात वर. माझाही. नवऱ्यानं हात खाली ठेवला असता तर कसं दिसलं असतं.

मला राखीव केलं. प्रतिनिधी आली नाही तर राखीव बसतो. काउंटीची सभा मार्चमध्ये, तेव्हा फ्लूची साथ असते.

२३ जानेवारी

'एल्क फोर्क हेरल्ड'मध्ये फोटो. लॉर्ना आणि ताट. डावीकडे माझं कोपर आलंय. बातमीत लिहिलंय, 'स्थानिक ऑर्गनवादक महिलेनं कॅलाहन गट वाचवला.' डाव कोणाचा होता याविषयी अक्षर नाही. संपादकाला फोन केला. तो म्हणाला, कोपर तुमचं आहे असं हवं तर पुढच्या अंकात छापतो.

६ फेब्रुवारी

फोन सारखा वाजतो. आधी माझ्यासाठी वाजायचा, म्हणजे मी विकतो त्या गारपीट-विम्यासाठी. आता उचलला की, 'लॉर्ना आहे का?' काउंटीची पक्षप्रमुख बेव ओल्सन अठरा वर्षं मला 'खुर्च्या आल्या का' एवढंच विचारत आली. काल लॉर्नाशी अर्धा तास बोलली. हसण्याचे आवाज येत होते. मी पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होतो. बोलणं नीट ऐकू आलं नाही, दार बंद होतं.

१९ फेब्रुवारी

कॅलाहन यांनी आणखी दोन राज्यं जिंकली. मी म्हटलंच होतं.

सहाला फोन आला. एक भारदस्त आवाज म्हणाला, मी कॅलाहन बोलतोय. खुद्द गव्हर्नर. मी उभा राहिलो. मी म्हटलं, सर, रेल्वे धोरणाबाबत... ते म्हणाले, हो हो, मिसेस डीकमन आहेत का? आईच्या ऑर्गनची गोष्ट त्यांनी सांगितली म्हणे, त्याबद्दल आभार मानायचे होते.

तिचे हात पिठात होते. रिसीव्हर मीच तिच्या कानाला धरून उभा राहिलो. सात मिनिटं. त्यातला माझा वाटा: 'एक मिनिट हं.'

१ मार्च

लॉर्नाला सर्दी. काळजी वाटते. तिला म्हटलं, तेरा तारखेपर्यंत विश्रांतीच घे. तिनं कपाळाला हात लावून पाहिलं, स्वतःच्या नाही, माझ्या.

१४ मार्च

काल काउंटीची सभा. सर्दी बरी झाली होती.

प्रतिनिधींच्या छातीवर निळा बिल्ला, राखीवांच्या पिवळा. पिवळ्यांना मागे, दोरीपलीकडे बसवलं. मी दोरीवरून लॉर्नाला कॉफी देत राहिलो. प्रेमानं. चार कप झाल्यावर ती बाहेर गेली, आणि नियमाप्रमाणे मी तिच्या खुर्चीत बसलो. तेवढ्यात एक ठराव मताला आला: गावांजवळच्या डुकरांच्या मोठ्या शेडवर बंधनं घालावीत का. मी ठासून 'नाही' म्हटलं. माझे अर्धे विमा-ग्राहक डुकरं पाळतात. लॉर्ना परत आली तेव्हा कळलं की गेला महिनाभर ती ज्या ठरावासाठी सगळ्यांना फोन करत होती तो हाच. एका मतानं पडला.

गाडीत तिनं थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, पुढच्या वेळी थर्मास घरी ठेव.

विभागाच्या सभेसाठी ती पुन्हा निवडून आली. मी पुन्हा राखीव. माझंही नाव वर चढतंय हे विसरून चालणार नाही.

३ एप्रिल

नियम बारकाईनं वाचले. राष्ट्रीय अधिवेशनाला विभागातून कॅलाहन यांच्या बाजूचे दोन जण जाणार. एक बाई, एक पुरुष. पक्षाचा नियमच आहे, निम्मे-निम्मे. म्हणजे लॉर्नाचा आणि माझा सामनाच नाही. आतापर्यंत उगाच मनाला लावून घेतलं. पुरुषाच्या जागेसाठी अर्ज भरला. लॉर्नानं भरला नाही. ती म्हणाली, तू जा, तुला किती वर्षं जायचंय. बरी आहे बाई. नाव तिनंच टाइप करून दिलं.

२५ एप्रिल

काल विभागाची सभा, क्रेस्टनच्या हायस्कूलमध्ये. प्रत्येक उमेदवाराला एक मिनिट. मी पहिल्या राष्ट्राध्यक्षांपासून सुरुवात केली. दुसऱ्या राष्ट्राध्यक्षांपर्यंत आलो आणि घंटा वाजली.

पुरुषाच्या जागेवर मर्ल टिप्टन निवडून आला. हा क्रेस्टनचा दफनविधी करणारा. सभेतल्या प्रत्येकाची आई नाही तर बाप त्यानं पुरलेला. अशा माणसाशी लढत बरोबरीची कशी म्हणायची. त्याचं भाषण एका वाक्याचं होतं. तो म्हणाला, मला तुमच्या घरची माणसं माहीत आहेत. बायकांनी डोळे पुसले.

मग बायकांची जागा. हॉलमधून कोणीतरी लॉर्नाचं नाव पुकारलं. ती माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे बघत होतो. ती माइकशी गेली आणि म्हणाली, "मी फक्त नवऱ्याबरोबर आले होते, हातात वड्या होत्या म्हणून. पण मला आता ऐकायला आवडायला लागलंय. पाठवाल तर तुमचं ऐकून जाईन आणि तिथलं तुम्हाला येऊन सांगेन."

टाळ्या थांबेचनात. टिप्टन उभा राहून वाजवत होता.

घरी आल्यावर तिनं कोट काढला नाही, तशीच स्वयंपाकघरात उभी राहिली. म्हणाली, "हार्लन, 'छान झालं' एवढं म्हण ना." मी म्हटलं, माइक जरा लांब धरायला हवा होतास. अनुभवी माणसाची सूचना तिला उपयोगी पडावी एवढाच हेतू.

३० एप्रिल

अबोला धरलाय. लॉर्नाच्या लक्षात यायला दोन दिवस लागले, ती फोनवर होती.

१२ मे

चौकशी केली. टिप्टन विधुर आहे. उंच. स्वतःचे केस. शिवाय दु:खी माणसांशी हळू आवाजात बोलायचा त्याला पस्तीस वर्षांचा सराव. अधिवेशनाला दोघं एकाच विमानानं जाणार. लॉर्नानं त्याचा फोन नंबर फ्रिजवर लावलाय. मी त्यावर पिझ्झावाल्याचं पत्रक लावलं.

२७ जून

काल राज्याची सभा. राज्यातर्फे आणखी काही जागा भरायच्या होत्या, तिथेही अर्ज केला. त्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही.

पण. शेवटी खरी गोष्ट घडली. विभागाच्या समितीनं मला इलेक्टर म्हणून निवडलं. बिनविरोध.

याचा अर्थ लोकांना कळत नाही, म्हणून सगळ्यांना सांगत सुटलोय. नोव्हेंबरात लोक मत देतात ते राष्ट्राध्यक्षाला देतोय असं समजतात. कागदावर नाव त्यांचंच असतं, पण मत जातं इलेक्टरांना. राज्यात ज्या पक्षाची सरशी, त्याचे सगळे इलेक्टर निवडून आले. मग डिसेंबरात ते आपापल्या राज्याच्या राजधानीत जमतात आणि राष्ट्राध्यक्ष खऱ्या अर्थानं ते निवडतात. अधिवेशनातले प्रतिनिधी काय, टोप्या घालतात. राष्ट्राध्यक्ष मी करणार आहे.

न्हाव्याला समजावलं. त्यानं विचारलं, मग आम्ही कशाला जातो मत द्यायला? म्हटलं, मला निवडायला. त्यानं कात्री खाली ठेवून वस्तरा घेतला.

२८ जुलै

अधिवेशन चालू आहे. मी घरी. कामं आहेत. टीव्ही सहज लावला होता.

कॅलाहन यांची उमेदवारी ठरवायला राज्याराज्यांची नावं पुकारत होते. आयोवाची वेळ आली. आमचा प्रदेशाध्यक्ष माइकवर मक्याची स्तुती करत होता, आणि त्याच्या खांद्यामागे लॉर्ना. डोक्यावर मक्याच्या कणसाची टोपी. असं हसताना मी तिला शेवटचं केव्हा पाहिलं ते आठवत बसलो, तोवर मतं सांगून झाली होती. बाजूला टिप्टन उभा. त्याच्या हातात तिची पर्स. पर्स कशाला धरायला हवी माणसानं.

थोड्या वेळानं तिचा फोन आला. मागे बँडचा गोंगाट. ती म्हणाली, दिसले का रे मी? म्हटलं, टीव्ही लावला नव्हता.

९ सप्टेंबर

नवा सूट घेतला, गडद निळा. डिसेंबरसाठी. विजारीची लांबी लॉर्नानं कमी करून दिली. तोंडात टाचण्या धरून काहीतरी म्हणाली, ते कळलं नाही. पुन्हा विचारायला हवं होतं.

लॉर्ना दर शनिवारी प्रचाराला जाते. दारोदार. मी जात नाही. निकाल ज्याच्या हातात आहे त्यानं दारं वाजवत फिरणं बरं दिसत नाही.

१७ ऑक्टोबर

बेव ओल्सन दुकानात भेटली. बोलता बोलता म्हणाली, इलेक्टरचं बरं झालं ना, लॉर्नानं इतकं मनावर घेऊन सांगितलं, समितीतल्या एकेकाला फोन केला, मग आम्ही म्हटलं देऊन टाकू.

बेवचं वय झालंय. तिचा गोंधळ होतो. कोणत्या तरी दुसऱ्या लॉर्नाबद्दल बोलत असेल.

१८ ऑक्टोबर

काउंटीत दुसरी लॉर्ना नाही.

२ नोव्हेंबर

मतदान. मी शाळेपर्यंत गेलो, रांगेत उभाही राहिलो. मग विचार केला. हे मत म्हणजे शेवटी मलाच मत. स्वतःच स्वतःला मत द्यायचं? अठरा वर्षांच्या सार्वजनिक जीवनात मी असा हावरटपणा केलेला नाही. मोठ्या मनानं परत आलो. लॉर्ना दिवसभर म्हाताऱ्यांना गाडीतून मतदानाला नेत होती. तिनं विचारलं, दिलंस? म्हटलं, जाऊन आलो.

३ नोव्हेंबर

कॅलाहन जिंकले. देशात.

आयोवात हरले. फार नाही, पण हरले. म्हणजे आयोवाचे सगळे इलेक्टर पलीकडच्या पक्षाचे. राष्ट्राध्यक्ष माझा झाला आणि मी कोणीच झालो नाही. अशी पद्धत ज्यांनी काढली त्यांच्याविषयी आजवर आदरानं बोलत आलो याचं वाईट वाटतं.

सकाळी गावाचे आकडे आले. एल्क फोर्कमध्ये कॅलाहन एका मतानं मागे. लॉर्ना फोनपाशी बसून एकेकीला विचारतेय, आपल्यातलं कोण राहिलं असेल गं. आवाज बसलाय तिचा. मी शिडी लावून छपराच्या पन्हळीतली पानं काढली. पन्हळ स्वच्छ झाल्यावरही बराच वेळ वर होतो.

५ नोव्हेंबर

राज्य हजारोंनी गेलं. एका मतानं काही झालं नसतं. हे लॉर्नाला तीनदा समजावलं. ती म्हणाली, मी काही म्हणाले का?

१३ डिसेंबर

आज सगळ्या राज्यांत इलेक्टर जमणार. लॉर्नाला सांगितलं, डे मॉइनला विमा कंपनीची मीटिंग आहे. निळा सूट घातला. तिनं टाय सरळ करून दिला.

राज्याच्या विधानभवनात शिरलो. कोणालाही बसून बघता येतं. गॅलरीत जेमतेम पंधरा-वीस माणसं, सगळी नातेवाईक. खाली टेबलाशी पलीकडच्या पक्षाचे इलेक्टर. आमच्या विभागातून, म्हणजे माझ्या जागेवर, एक रिटायर झालेला गुरांचा डॉक्टर. कानात यंत्र. सही कुठे करायची ते त्यानं दोनदा विचारलं. त्याचं मत हरलेल्या माणसाला गेलं, तरी त्याला पेन घरी न्यायला दिलं. चांगलं पेन होतं. अख्खा समारंभ पाव तासात आटोपला.

शेजारच्या बाईनं विचारलं, तुमचं कोण आहे खाली? 'इलेक्टर हार्लन डीकमन' असं मी सहा महिने आरशासमोर म्हणत आलो होतो. तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, कोणी नाही, मी लॉर्ना डीकमनचा नवरा.

ती माझ्याकडे वळूनच बसली. ती क्रेस्टनची निघाली, पक्ष दुसरा, भाऊ खाली बसलेला. सप्टेंबरात लॉर्ना तिच्या दारी गेली होती. मत देणार नाही असं तिनं सांगूनही लॉर्ना पायरीवर बसली आणि तिच्या नवऱ्याच्या आजारपणाचं सगळं ऐकून घेतलं. नंतरही दोनदा फोन केला. ती म्हणाली, "तुमच्याबद्दल सांगत होत्या. अठरा वर्षं खुर्च्या मांडतात, म्हणाल्या, आणि एकदाही कोणी त्यांना बसा म्हटलं नाही." मी जिन्यापर्यंत तिच्याबरोबर चालत गेलो. तिची पर्स धरली, तिला कोट घालायचा होता म्हणून.

घरी आलो तेव्हा लॉर्ना सूप वाढत होती. मीटिंगला कोण कोण होतं, तिनं विचारलं. म्हटलं, तुझ्या ओळखीची एक बाई भेटली, क्रेस्टनची. तिचा हात थांबला. मी सूप प्यायला लागलो. मग ती म्हणाली, "वरती गॅलरीत गारठा असेल ना." म्हटलं, फार.

"सूट काढून जेव. डाग पडेल, आणि लगेच लागणार आहे तो."

म्हटलं, कशाला? तिनं फ्रिजकडे फक्त मान केली. कॅलाहन यांच्या शपथविधीचं आमंत्रण आलंय. वर तिचं नाव, खाली लिहिलंय, 'व सोबत एक.' मी म्हटलं, छान झालं. तिनं मला अजून सूप वाढलं.

सोबत एक म्हणजे मीच. त्यात शंका नाही. टिप्टनला वेगळं आमंत्रण गेलंय का, एवढं फक्त उद्या बेवला विचारून घ्यायचं.